पेटी उघडावीशीच वाटत नाही... तुमचे जुने छंद कुठे गेले?

कुळागर | शनिवार, रात्री ११:१०

बरेच दिवस लिहू की नको करत होतो, आज लिहूनच टाकतो. वय ५३, घर फोंड्याजवळ, नोकरी पणजीत. अकराव्या वर्षापासून पेटी वाजवतोय, म्हणजे वाजवत होतो. देवळात भजनाला, चवथीत आरत्यांना, आणि गावच्या जत्रेत नाटक असलं की पुढे डाव्या बाजूला माझी बैठक ठरलेली. नाटक रात्री बाराला सुरू व्हायचं, पहाटे संपायचं, घरी येऊन आंघोळ करून तसाच ऑफिसला. केसरबाई केरकर समारोह असला की रजा टाकून कला अकादमीत. हे सगळं केलंय मी, कुणी करायला लावलं नव्हतं.

यंदा चवथीला खोक्यातून पेटी काढली. खोक्याची कडी गंजलेली, आत जुन्या कापराचा वास, आणि काळी दोनची पट्टी एकदा दाबली की वर येईना, बोटाच्या नखाने उचलावी लागत होती. आपल्याकडे पावसात लाकूड फुगतं हे नवीन नाही. पण पूर्वी मी जून लागला की दर आठवड्याला पेटी उघडून दहा-पंधरा मिनिटं तरी नुसता भाता हलवायचो, वारं खेळतं राहावं म्हणून. यंदा पूर्ण पावसाळा तिला हात लावला नव्हता. गेल्या वर्षी लावला होता का तेही आठवत नाही.

आरत्या वाजवल्या, सगळे बरं म्हणाले, पेटी परत खोक्यात गेली. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा लक्षात आलं की वाजवताना मला आतून काहीच झालं नाही. आवडलं नाही असं नाही, कंटाळा आला असंही नाही, हात आपोआप चालत होते आणि मी दुसरीकडेच होतो. आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटलं नाही, ते आज दहा दिवसांनी वाटतंय. चाळीस वर्षं जिच्याशिवाय करमत नव्हतं ती वस्तू कपाटाखाली गेली आणि मला कळलं पण नाही कधी गेली.

वय झालं की सगळ्यांचं असंच होतं का? तुमचं काय काय सुटलं? परत आलं का कुणाचं?

मांडवीकाठ | शनिवार, रात्री ११:४८

तुमची पेटी, माझी पुस्तकं. पणजीत पाट्टोवर आपली सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ साली सुरू झालेली, एवढी जुनी सार्वजनिक लायब्ररी आपल्या दारात आहे याचा मला फार अभिमान. लग्नाआधी जुन्या इमारतीत जायचे, नंतर नवीन इमारतीत, शनिवारी दोन पुस्तकं आणायची आणि पुढच्या शनिवारी परत करायची. चव्वेचाळीस-पंचेचाळीसला काय झालं कुणास ठाऊक, दहा पानं झाली की पुस्तक छातीवर आणि मी झोपेत. मग मोबाईल. मग दोनाचं एक पुस्तक झालं, मग दंड भरायला लागले, मग कार्ड रिन्यूच केलं नाही. घरात सांगून टाकलं की माझं वाचन संपलं, आता मन लागत नाही.

दोन वर्षांनी मुलीच्या चष्म्यासाठी दुकानात गेले होते तेव्हा सहज माझेही डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना प्लस दीड! त्या माणसाने विचारलं, तुमचं डोकं नाही दुखत? दुखायचं हो, रोज संध्याकाळी दुखायचं, मी ते कामाच्या नावावर टाकत होते. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघायला त्याला जोर लावावा लागतो, हे शाळेत शिकलेले मी, तरी स्वतःला लावून बघितलं नाही. चष्मा आला आणि महिनाभरात एक जाडी कादंबरी संपवली. पूर्वीइतकं नाही वाचत, पण वाचते.

म्हणून भाऊ, आधी शरीराकडे बघा. ऐकू नीट येतं का? वयाबरोबर बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात म्हणतात. पेटीवाल्याला त्याचा फरक पडत असणार.

रेईश_टांगा | रविवार, सकाळी ७:२०

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. सुटलं तर सुटू द्या.

माझा छंद टपाल तिकिटं. त्यातही पोर्तुगीज इंडियाची, १८७१ पासून इथे स्वतःची तिकिटं होती, रेईश, टांगा, रुपया अशी किंमत छापलेली, आणि १९५९ पासून एस्कुद आणि सेंताव्ह. वडिलांनी काही जमवलेली, बाकीची मी पाकिटावरून पाण्यात भिजवून, ब्लॉटिंगवर वाळवून, चिमट्याने उचलून लावलेली. हाताने कधी धरायचं नाही, बोटाचं तेल लागतं. पावसाळ्यात ज्यांचा मागचा गोंद शाबूत असतो ती अल्बमला चिकटून बसतात, त्यासाठी मी मधे मेणकागद घालून अल्बम उभे ठेवायचो, कधी आडवे नाही. तीस वर्षं हे केलं.

मग १९६१ पर्यंतचं जे मला परवडण्यासारखं होतं ते सगळं मिळालं. जे उरलं ते माझ्या पगाराच्या बाहेरचं. त्यानंतर अल्बम उघडायची ओढ हळूहळू गेली. मी दोन वर्षं स्वतःला दोष दिला, की मी आळशी झालो, माझ्यातलं काहीतरी मेलं. आता तसं वाटत नाही. काम पुरं झालं होतं. शेत कापून झाल्यावर कोणी विळा घेऊन उभा राहत नाही. अल्बम पुतण्याला दिले, तो बघतो की नाही मी विचारत नाही. आता मी सकाळी झाडांना पाणी घालतो, मिरवेली लावल्या आहेत, त्यात मन रमतं.

तिकिटांनी मला जे द्यायचं ते दिलं. प्रत्येक छंद मरेपर्यंत टिकला पाहिजे असा नियम कोणी केला?

मांडावरची | रविवार, सकाळी १०:०५

सगळे पुरुष लिहितायत "माझा छंद सुटला", "ओढ गेली". आमचा सुटला नाही, आमच्याकडून काढून घेतला होता. ते आधी लिहिते.

मी सत्तरी तालुक्यातली, लग्न होऊन डिचोलीत आले. माहेरी फुगडी म्हणजे माझा जीव. कळशी फुगडी घालायचो आम्ही, कळशीच्या तोंडात फुंकर घालून घुमवायची आणि घुमतानाच पावलं पडत राहायला पाहिजेत, दम टिकवायचा म्हणजे खायचं काम नाही. आणि पौषात धालो. चांदण्यात मांडावर, म्हणजे वाड्याच्या ठरलेल्या मोकळ्या जागेत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर दोन रांगा समोरासमोर, एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची, पाय गार पडलेले आणि कोणाला घरी जायचं नसायचं. लग्न झालं आणि सासरच्या वाड्यावर सुनेला मांडावर पाठवायची पद्धत नव्हती. मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण सात वर्षं, मग नोकरी करणाऱ्या सुनेची मुलं. बत्तीस वर्षं. मला कोणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं की आता इच्छाच राहिली नाही. वेळच नसला की माणूस इच्छा पण गुंडाळून ठेवतो, नाहीतर रोज जीव तुटेल.

आता एकसष्टाव्या वर्षी वाड्यावरच्या बायकांनी फुगडीचा ग्रुप काढला तेव्हा मी म्हटलं मला नको, मला येत नाही आता. एका शेजारणीने हात धरून ओढलं. पहिल्या दिवशी श्वास पुरला नाही, कळशीतून नुसतं फस्स. तिसऱ्या दिवशी घुमली. मी तिथे रडले, सांगायला लाज नाही.

तेव्हा "ओढ गेली" म्हणताना जरा तपासून बघा, गेली की झाकून ठेवली.

गरवणारा | रविवार, दुपारी १:३०

मांडावरची ताई, वाचून अंगावर काटा आला.

कुळागरबाब, मी गरवायला जायचो. दिवाडीच्या बाजूला, फेरीबोटीने पलीकडे, आणि तिथे खाजनाच्या बांधावर एक जुनी मानस आहे तिथे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन, आणि मानस म्हणजे तिच्यात खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. भरती फिरायच्या आधी अर्धा-पाऊण तास पाणी तिथे ओढ घेतं आणि मासे तोंडाशी येतात. गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावायचं, शेपटीकडून टोचून डोक्याकडे न्यायचं म्हणजे पाण्यात सरळ राहतं, आणि दोर तर्जनीवर घेऊन बसायचं. तांबसो असला तर खेचतो आणि सोडत नाही, चोणक आधी एकदा हळूच बघतो. ते बोटाला कळतं, डोळ्याला नाही.

वीस-बावीस वर्षं आम्ही दोघं जायचो. तो शाळेपासूनचा. फेरीत बोलणं, बांधावर गप्प, येताना परत बोलणं. चार वर्षांपूर्वी तो गेला, हार्टचं झालं. त्यानंतर मी तीन-चारदा एकटा गेलो. मासे मिळाले, नाही असं नाही. पण मी घड्याळ बघायला लागलो. आधी कधी घड्याळ बघितलं नव्हतं. मग सोडलं. बायकोला सांगितलं गुडघे दुखतात, बांधावरून चालवत नाही. गुडघे दुखतात ते खरंच आहे, पण ते कारण नव्हतं.

हे मी आजपर्यंत कोणाला लिहिलं नव्हतं. मला मासे गरवायची आवड होती की त्याच्याबरोबर बसायची, हे मला तो असताना वेगळं करून बघायची गरजच पडली नाही.

तुमच्या पेटीबरोबर कोण होतं?

अडईचा_थवा | रविवार, दुपारी ४:१५

मी तुमच्यात लहान असेन, ३९. पण माझा छंद मी स्वतः मारला असं मला वाटतं म्हणून लिहितोय.

पक्षी बघणे. करमळीचं तळं घराजवळ, कोकण रेल्वेचं स्टेशन बाजूलाच. शाळेत असताना वडिलांच्या जुन्या दुर्बिणीतून कमळपक्षी पानांवरून चालताना बघितला, लांब बोटांनी, पान बुडत नाही आणि तो पडत नाही, तिथून नाद लागला. थंडीत अडया शेकड्याने उतरायच्या, त्यांची शीळ घालत उडण्याची सवय, सकाळी धुक्यात दिसायच्या आधी ऐकू यायच्या. रिबंदरहून फेरीने चोडणला, सलीम अली अभयारण्यात, तेही पुष्कळ केलं.

मग कॅमेरा घेतला. मग मोठी लेन्स, कर्ज काढून. मग अ‍ॅपवर याद्या टाकायच्या, यंदा किती जाती झाल्या, दुसऱ्याच्या किती झाल्या. मग स्पर्धेला फोटो. एकदा बक्षीस मिळालं आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात मला तळ्यावर जायचं जिवावर यायला लागलं. समोर जांभळी पाणकोंबडी पिल्लांना चारत होती आणि मी मनात म्हणतोय, हिचे फोटो आहेत माझ्याकडे, उजेडही वाईट आहे, चला. हे मला फार लागलं. फोटो आहेत म्हणून बघायचं नाही?

याच्यावर एक जुना प्रयोग वाचलाय, १९७३ सालचा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षिसाचं सर्टिफिकेट देऊ. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं तीच मुलं कमी वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं तसं झालं नाही. मी ते वाचून दोन दिवस गप्प होतो.

लेन्स विकली गेल्या वर्षी. वडिलांची दुर्बीण अजून आहे, एका बाजूला बुरशी धरलीय, तरी तीच नेतो. यादी करत नाही. अजून पहिल्यासारखं होत नाही सगळ्या दिवशी, पण काही दिवशी होतं.

सांजवात | रविवार, रात्री ९:००

मी समुपदेशनाचं काम करते म्हणून एक गोष्ट मधे सांगते, कुळागर भाऊंना उद्देशून नाही, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी.

एखादा छंद सुटणं आणि सगळ्यातलीच चव जाणं यात फरक आहे. रेईश_टांगा यांचं मन मिरवेलीत रमतं म्हणजे काळजीचं काही नाही, आवड एका जागेवरून उठून दुसरीकडे बसली. पण जर दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, जेवण, नातवंडं, आवडता मासा, देवळात जाणं, काहीच नको वाटतं, झोप मोडते किंवा उठवत नाही, मी कुणाला भार झालोय असं वाटतं, तर ते "वय झालं" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, साखर हे पण बघून घेतात, कारण नुसत्या थकव्यानेही माणूस असा होतो. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

आणि आपल्याच गोव्यातली एक गोष्ट, पर्वरीच्या संगात संस्थेच्या लोकांनी केलेली. नैराश्य असलेल्या लोकांसाठी त्यांनी आपल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार करून बघितला, ४९५ जण होते, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, त्यासाठी शिकवून तयार केलेली साधी माणसं, आणि सहा ते आठ भेटी. उपचाराचा गाभा काय? मन तयार होईपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटं काहीतरी करायचं, अगदी ठरलेल्या वेळी अंगणात जाऊन यायचं एवढं सुद्धा. करत राहिलं की मन मागून येतं. ज्यांना हे मिळालं ते इतरांपेक्षा जास्त सुधारले.

आपण उलट समजतो, की आधी मूड यायला पाहिजे. मांडावरची ताईंना शेजारणीने हात धरून ओढलं आणि तिसऱ्या दिवशी कळशी घुमली, मी कामात शिकवते ते हेच.

घुमटकार_अण्णा | सोमवार, सकाळी ६:४०

वय ७४. निवृत्त शिक्षक, पेडणे तालुका. टायपिंग नातू करतो, शब्द माझे.

घुमट वाजवतो. मातीचं भांडं, दोन्ही तोंडं उघडी, मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड डाव्या तळव्याने उघडझाप करायचं आणि त्याच्यातून नाद वळवायचा. आमच्या लहानपणी कातडं घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीला हात लावायचा नाही आणि ते योग्यच आहे, मुकं जनावर. आता बकऱ्याचं घालतात. पण नाद बदलला. घोरपडीच्या कातड्याचा नाद धातूसारखा कणखर, बकऱ्याचा मऊ. माझा कान जुन्या नादावर वाढलेला. पन्नाशीच्या सुमारास मला नवीन घुमट ऐकलं की बेचव वाटायचं आणि मी सुंवारीला, म्हणजे घुमटाच्या सामूहिक वादनाला, जायचं सोडलं. दहा-बारा वर्षं सोडलं.

२०१९ मध्ये सरकारने घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. त्यानंतर वाड्यावरची पोरं आली, अण्णा शिकवा. मी म्हटलं माझी बोटं आता चालत नाहीत, संधिवात. तर एक पोरगा म्हणाला, तुम्ही तोंडाने बोल सांगा, आम्ही वाजवतो. बसलो. त्या मुलांनी जुना नाद ऐकलेलाच नाही. त्यांच्यासाठी बकऱ्याच्या कातड्याचा नाद हाच घुमटाचा नाद. त्यांचे डोळे बघून मला हळूहळू तो नाद गोड लागायला लागला. कातडं चवथीत ओलसर हवेने सैल पडतं, ते निखाऱ्यावर किती लांब धरायचं, ताणलं की टिचकी मारून कसं ओळखायचं, हे माझ्याशिवाय त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

आता मी सगळी सुंवारी वाजवत नाही. सुरुवातीची संथ लय माझी, द्रुत लागली की पोरांकडे सोपवतो आणि शामेळाच्या, म्हणजे साथीच्या तालवाद्याच्या, बाजूला जाऊन बसतो.

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी ९:१५

अण्णा, नमस्कार. तुम्ही लिहिलंत त्यावरून आठवलं, आर्थर रुबिनस्टाईन हा मोठा पियानोवादक म्हातारपणी एवढं चांगलं कसं वाजवतो असं विचारल्यावर त्याने सांगितलं होतं की मी कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त रियाज करतो, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम थोडा हळू होतो म्हणजे पुढचं जलद वाटतं. तुमची संथ लय तशीच वाटली मला.

रेईश_टांगा | सोमवार, दुपारी १२:५०

सांजवात ताई, धन्यवाद, तुम्ही फरक नीट सांगितलात. मी काल "सुटू द्या" असं ठाम लिहिलं ते सगळ्यांना लागू नाही हे मांडावरची ताईंचं वाचून पटलं. ज्याचं काम पुरं झालं त्याने सोडावं. ज्याचं अर्ध्यावर काढून घेतलं त्याची गोष्ट वेगळी आहे.

कुळागर, तुमचं पुरं झालं होतं का?

कुळागर | सोमवार, रात्री १०:३०

दोन दिवस सगळ्यांचं परत परत वाचतोय. उत्तर द्यायला वेळ लागला कारण गरवणाऱ्या दादांनी विचारलेलं मनात फिरत होतं, तुमच्या पेटीबरोबर कोण होतं.

डोळे-कान ठीक आहेत, गेल्या महिन्यातच ऑफिसने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. बाकी आयुष्यात मन लागतं, जेवण लागतं, घरात हसतो-बोलतो, म्हणून सांजवात ताई, तसं काही नसावं, तरी लक्ष ठेवीन.

झालं ते असं असावं. सहा-सात वर्षांपूर्वी गावच्या नाटकाची तालीम सुरू झाली, मी नेहमीसारखा दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला. म्हणाले, यंदा म्युझिक रेकॉर्डेड घेतलंय काका, खर्च पण कमी आणि ऐन वेळी गडबड नाही, तुम्ही पुढच्या रांगेत बसून बघा. कोणी वाईट बोललं नाही, खुर्ची दिली, चहा दिला. मी बघितलं नाटक. एका पदाच्या वेळी नटाने एक ओळ विसरून पुन्हा मागून घेतली आणि ट्रॅक पुढे निघून गेला, तो बिचारा तसाच धावत राहिला मागून. माझे हात मांडीवर आपोआप हलले. मी असतो तर एक आवर्तन भरून त्याला जागा दिली असती, प्रेक्षकांना कळलं पण नसतं. पस्तीस वर्षं मी तेच करत होतो, गाणाऱ्याला सांभाळून घेणं. नटाला श्वास लागला की सूर धरून ठेवायचा, पट्टी चढली की गुपचूप त्याच्याबरोबर चढायचं.

पुढच्या वर्षी तालमीला बोलावणं आलं नाही. भजनालाही कोणाकडे तरी कीबोर्ड आला. घरी एकट्याने पेटी वाजवून बघितली होती काही दिवस, पण एकटा मी कधी वाजवतच नव्हतो, मला एकट्याने वाजवायची सवयच नाही. समोर गाणारा नसला की मी कोणासाठी सूर धरू? मग खोकं बंद.

तेव्हा राग पण आला नव्हता, किंवा आला तो मी ओळखला नाही. मी म्हटलं वय झालं. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वय होतं माझं.

रेईश_टांगा साहेब, नाही, पुरं झालं नव्हतं.

मांडावरची | सोमवार, रात्री १०:४४

झाकून ठेवली होती.

अडईचा_थवा | मंगळवार, सकाळी ६:०५

काका, तो ट्रॅकचा प्रसंग वाचून गळ्यात आवंढा आला. माझे आजोबा जत्रेत गायचे, ते नेहमी म्हणायचे पेटीवाला बरा असला तर मी अर्धी रात्र जास्त गाईन.

गरवणारे दादा, एक विचारायचं होतं. मी रविवारी सकाळी साडेसहाला करमळीच्या तळ्यावर असतो. गप्प बसायचं असतं, बोलायचं नसतं. बांध सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. याल का? दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने बघू.

गरवणारा | मंगळवार, दुपारी २:१०

येतो. घड्याळ घरी ठेवून येतो.

आणि कुळागरबाब, एक बोलायचंच होतं. आमच्या गावच्या भजनी मंडळाचा पेटीवाला पोर्तुगीज पासपोर्ट काढून फॅमिलीसकट पोर्तुगालला गेला, दीड वर्ष झालं. तेव्हापासून बुवा मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर गातात. बुवांचं वय ६८, आवाज खणखणीत पण मधेच लय ओढतात आणि कधी कधी अभंगाचा दुसरा चरण आधी घेतात, मोबाईल काय सांभाळणार त्यांना. दर गुरुवारी रात्री आठला देवळात बसतो आम्ही, मी टाळ धरतो. दर श्रावणात वास्कोच्या सप्ताहात एक पाळी असते आमची, ती पण पहाटे तीनची मिळते, कोणी घेत नाही म्हणून. फेरीपर्यंत गाडीने या, पलीकडे मी न्यायला येतो, पेटी मी उचलीन. बुवांची पट्टी काळी चार. चालेल का?

घुमटकार_अण्णा | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

पेटीला ऊन दाखवू नका, लाकडाला तडा जातो. खोलीत दोन दिवस झाकण उघडं ठेवून पंखा लावा. मग अडकलेली पट्टी शेजारच्या पट्टीला कुठे घासते ते बघा, तिथे बारीक काचकागदाचा एकच हात फिरवा, जास्त नको.

कुळागर | मंगळवार, रात्री ९:५५

पंखा लावलाय अण्णा. झाकण उघडून ठेवलंय, बायको दोनदा येऊन बघून गेली.

दादा, काळी चार उंच आहे, अडुसष्टाव्या वर्षी बुवा त्या पट्टीत गातात म्हणजे नमस्कार त्यांना. पण एक अडचण आहे. माझी अडकते ती नेमकी काळी दोन, म्हणजे तुमच्या बुवांचा पंचमच. तो मोकळा झाल्याशिवाय मी येऊन उपयोग नाही. या गुरुवारी होईलसं वाटत नाही, पुढच्या गुरुवारी येतो. बुवांना विचारून ठेवा कुठले अभंग जास्त घेतात.